वेण्या आईने घातल्या होत्या

अण्णा,

तुमची जन्मशताब्दी आहे. बडोद्यात तुमची सगळी चित्रं एकत्र लागणार आहेत. दिल्लीहून येतायत, मुंबईहून येतायत, एक तर परदेशातल्या कुणा धनिकाच्या दिवाणखान्यातून पेटीत बसून विमानाने येतंय. पेपरात रोज त्याचं कौतुक चाललंय. मी मात्र कालपासून धुमसतेय, आणि या वयात हक्काने ओरडावं असं घरात कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर ब्र काढायची सोय नव्हती. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की तुमची भीती वाटेनाशी झालीय, तुमच्या नसण्याचा एवढा एकच फायदा.

काल ती प्रदर्शनवाली मुलगी आली होती. हुशार आहे, आपल्याच बडोद्याच्या मराठी घरातली, बोलताना तीन भाषा एकाच पातेल्यात ढवळते. तिने ‘बसलेली मुलगी’ या चित्राखाली लावायचा मजकूर आणला होता. “आंटी, हे एकदा वाचून ओके करा ने, एटले मी आजच प्रिंटला देऊन टाकीन.” मी चष्मा लावला. लिहिलं होतं, की या चित्रापासून चित्रकाराच्या बिनचेहऱ्याच्या स्त्रियांची सुरुवात झाली, आणि खाली अवतरणात तुमचं ते वाक्य: ‘एका दुपारी तिचा चेहरा आपणहून निघून गेला. मी फक्त त्याला जाऊ दिलं.’

निघून गेला! जसा काही माझा चेहरा दुपारच्या बसने वाघोडियाला गेला. अण्णा, हे वाक्य तुम्ही आयुष्यभर म्हणालात. मुलाखतीत म्हणालात, पुरस्कार घेताना म्हणालात, सयाजीगंजात चहाच्या टपरीवर तुमच्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात म्हणालात, आणि दरवेळी त्या शेवटच्या शब्दांपाशी आवाज खाली आणायचात. मुलं माना डोलवायची. मी ते इतक्यांदा ऐकलंय की मलाही तुमच्यासारखा आवाज खाली आणून म्हणता येतं. काल म्हणून दाखवलं त्या पोरीला. ती हसली, मग माझं तोंड बघून हातातले कागद नीट करायला लागली.

तिला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या तोंडावर पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणीच कधी म्हटलेलं नाही.

आपण तेव्हा मांडवीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहतो. पुढची खोली खिडकीची, उजेडाची, म्हणजे तुमची. मागची स्वयंपाकाची, म्हणजे उरलेल्या सगळ्यांची: जेवणं, झोपणं, माझा अभ्यास, आईची देवपूजा, पाहुणे आले तर तेही तिथेच. दोन्हींच्या मध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. तुमचे दोन नियम आहेत. एक, काम चालू असताना घरात कुणी आवाज चढवायचा नाही. दुसरा, जो समोर बसलाय त्याने चित्र पुरं होईपर्यंत ते बघायचं नाही. समोर बहुतेकदा मीच बसलेली असते, कारण मी फुकट आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. पणजोबा सरकारी फौजेत शिलेदार होते, घोडा हलला तरी स्वार हलत नसे, हे तुम्ही मला बसवताना सांगायचात. मला वाटायचं, पणजोबांना निदान घोडा तरी होता.

मी नववीत आहे. दिवाळी तोंडावर आलीय, शाळेला सुट्टी लागलीय, म्हणून त्या चित्रासाठी मी रोज दुपारी स्टुलावर बसतेय. रोज दुपारी बसण्याआधी आई माझे केस विंचरते, दोन वेण्या घालते, काळ्या रिबिनी बांधते. आईच्या हाताच्या वेण्या गल्लीत प्रसिद्ध होत्या. पेडावर पेड असा बसवायची की झोपून उठलं तरी एक केस निसटायचा नाही. समोरच्या घरातल्या बेन त्यांच्या मुलींना सणाच्या दिवशी आईकडे पाठवायच्या. त्या दुपारीही तिने वेण्या घातल्या, माझी मान दोन्ही हातांनी धरून सरळ केली, म्हणाली, “जा, बस. मी चकल्या तळून घेते.”

स्टोवर कढई ठेवायचं कडं एका बाजूने वाकलेलं होतं. नवरात्रापासून आई तुम्हाला सांगत होती, की मांडवीतून जाताच तर जरा स्टोवाल्याकडे टाका. तुम्ही मांडवीतून रोज सायकलने जात होतात. तुम्ही म्हणत होतात, उद्या.

मग पडद्यामागून काहीतरी घसरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आई म्हणाली, “अहो, जरा येता का?” एवढंच. आणि हळू. अण्णा, मी या ‘हळू’वर किती वर्षं विचार केलाय. उकळतं तेल उजव्या हातावर सांडलेलं असताना ती बाई हळू बोलली, कारण पुढच्या खोलीत तुमचं काम चालू होतं आणि आवाज चढवायचा नाही असा नियम होता. तुमच्या घरात माणसाला भाजल्यावर किंचाळायचीसुद्धा चोरी. मी मान वळवली. तुम्ही म्हणालात, “हलू नकोस.” ब्रश माझ्या चेहऱ्यावर होता, म्हणजे कॅनव्हासवरच्या. ती पुन्हा म्हणाली, “अहो.” आता ती रडत होती आणि रडणंही गिळत होती. मी स्टुलावरून उठले. तुम्ही मोठ्याने ओरडलात, नियम तुम्हाला नव्हता, “अगं, तोंड आत्ता जमत होतं, बस खाली!” मी पडदा ओढून आत गेले.

आतलं मी लिहीत नाही. तुम्ही ते पाहिलं नाहीत, आणि आता माझ्याकडून ऐकून फुकटात बघायला मिळावं असं मला वाटत नाही. समोरच्या बेन धावत आल्या, त्यांना वास आला होता. त्यांनी पडद्यातून तुम्हाला हाक मारली, “मास्तरसाहेब, बाई दाझी गयां छे, सांभळो छो के नहीं?” बाई भाजल्यात, ऐकताय की नाही. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला आठवत नाही. रिक्षा त्यांनी आणली, दवाखान्यात त्या आणि मी गेलो. जाताना पुढच्या खोलीतून गेलो, दुसरी वाट नव्हती. तेव्हा तुम्ही पाठमोरे उभे होतात आणि सुरीने कॅनव्हास खरवडत होतात. तो आवाज मी आजही ओळखीन. आई दुधाचं पातेलं खरवडून मला साखर घालून खरवड द्यायची, अगदी तसा. बघू नये असा नियम होता तरी मी बघितलं. वेण्या होत्या, मान होती, फ्रॉक होता, गुडघे होते. मध्ये ओलं ओरखडलेलं कापड.

म्हणजे चेहरा निघून गेला नाही. तुम्ही तो रागाने काढलात, कारण तुमची मुलगी तिच्या आईकडे गेली. संध्याकाळी तो खरवडलेला तुकडा तुम्हाला आवडला. त्यावर तुम्ही मागच्या भिंतीचा हिरवा त्याच सुरीने कालवून, पातळ करून फिरवलात आणि चित्र संपवलंत. पुढचं सगळं जगाला माहीत आहे.

एक गोष्ट तुमच्या बाजूने लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल कार्टी खोटं बोलते. अंधार पडायच्या सुमारास तुम्ही दवाखान्यात आलात. आईचा हात बांधलेला होता, धरता येत नव्हता, म्हणून तुम्ही पायथ्याशी गेलात आणि तिच्या पावलावर हात ठेवून उभे राहिलात. बराच वेळ. तुमच्या नखांत हिरवा रंग होता. मला तेव्हाही तुम्हाला बोलायचं होतं आणि तुमच्या त्या उभं राहण्यामुळे बोलता आलं नाही. तेवढं एक मला खोडून काढता येत नाही, आणि याचाही मला राग येतो.

आईची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. पोळी ती तळव्याने लाटायला शिकली. वेणी मात्र तिला जमली नाही. मी समोरच्या बेनकडे जाऊन वेण्या घालून घ्यायची आणि आई आपल्या दारातून बघायची. पुढे मी केसच कापून टाकले. तुम्ही म्हणालात, मॉडेल म्हणून आता काही कामाची राहिली नाहीस.

आणि मग त्या चित्राला दिल्लीत बक्षीस मिळालं आणि आपल्याकडे माणसं यायला लागली. नवं घर झालं, बाग झाली, वेताच्या खुर्च्या आल्या. तुम्ही बिनचेहऱ्याच्या बायका रंगवत गेलात: विहिरीवरच्या, गच्चीवरच्या, गरब्यातल्या. विद्वान मंडळी वेताच्या खुर्चीत बसून विचारायची, की स्त्रीचा चेहरा पुसून तुम्ही समाजाला नेमकं काय सांगताय. तुम्ही सांगायचात, की घराघरात बाईला चेहरा नाही, तिचा आवाज कुणी ऐकत नाही, ती वेदना माझ्या कॅनव्हासवर उतरते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. आणि तेवढ्यात आई चहा घेऊन यायची. बशी वाकड्या बोटांत अडकवलेली असायची, कप हलायचा. त्यातल्या कुणीही तिच्या हाताकडे बघून विचारलं नाही. एका बाईंनी विचारलं तर आईच म्हणाली, “तळताना झालं. माझाच वेंधळेपणा.” मी रागाने स्वयंपाकघरात गेले तर ती मागून आली आणि म्हणाली, “त्यांना ऐकू गेलं नसेल गं. ते कामात असले की त्यांना काही ऐकू जात नाही.” अण्णा, ती अगदी शेवटपर्यंत हेच म्हणाली. तिला ते खरं वाटत होतं का, की माझ्यासाठी म्हणत होती, मला कळलं नाही.

तुम्हाला मात्र ऐकू गेलं होतं. हे मी तुमच्याच तोंडून काढून घेतलं. आईचे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि आपण दोघं बागेत बसलो होतो. मी एकदाचं विचारलं, तुम्ही उठला का नाहीत? तुम्ही मान खाली घातलीत, मला वाटलं आता माफी मागाल. मग म्हणालात, “मी उठलो असतो तर काय झालं असतं? हात भाजायचा तो भाजलाच होता. तुम्ही दोघी होतात. चित्र मात्र गेलं असतं.” आणि वर मला विचारलंत, “चित्र चांगलं झालं की नाही, ते सांग.”

चित्र चांगलं झालं आहे. हीच तर माझी पंचाईत आहे. मी वाघोडियाच्या रंगाच्या कारखान्यात जन्म काढला. तुम्ही चारचौघांत सांगायचात, की आमची कन्या पंख्यांना आणि कपाटांना रंग फासते. फासते तर फासते. तिथे प्रयोगशाळेत पत्र्यावरचा रंग उन्हात किती टिकेल, वाकवला तर तडकेल का, हे बघायचं माझं काम होतं, आणि ते करताना कानात तुमचंच बोलणं असायचं. लहानपणी सायकलवर पुढे बसवून तलावाकाठी न्यायचात आणि म्हणायचात, सावली काळी नसते गं, नीट बघ, तिच्यात हिरवा असतो, जांभळा असतो. मला आजही काळी सावली दिसत नाही. तुम्ही मला बघायला शिकवलंत, म्हणून ते चित्र चांगलं आहे हे मला दिसतं. त्या पोरीसमोरही ते वाईट आहे असं मला म्हणता आलं नाही.

तर मी तिला म्हटलं, की ते अवतरणातलं वाक्य काढ. आणि त्या जागी असं लिही: या मुलीच्या वेण्या तिच्या आईने घातल्या आहेत. त्याच दुपारी आईचा हात भाजला. मुलगी उठून तिच्याकडे गेली, म्हणून चित्रकाराने तिचा चेहरा खरवडून काढला. ती लिहून घेता घेता थांबली. “पण आंटी, हे तर फॅमिली मॅटर झालं ने. ट्रस्टवाले नाही मानणार.” मी म्हटलं, चित्र फॅमिलीवर काढलेलं चालतं आणि मजकूर तेवढा चालत नाही का? ती गॅलरीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलली, गुजरातीत, मग इंग्रजीत. परत आली ती पडेल चेहऱ्याने. म्हणाली, वेण्यांचं वाक्य चालेल, फार स्वीट आहे म्हणाले. बाकीचं नको.

तेव्हा मी फळीचा विषय काढला.

तुमची ती फळी माझ्याकडे आहे, अण्णा. खिडकीपाशी ठेवलेली असायची ती. जे जमलं नाही ते संध्याकाळी खरवडायचात आणि सुरी तिच्या कडेला पुसायचात. वर्षानुवर्षं. तुम्ही तिला हसत हसत ‘माझी खरवड’ म्हणायचात. थरावर थर चढून आता ती जाडजूड वीट झालीय, बाहेरून राखाडी आणि कडेला सगळे रंग. जुन्या घरातून नव्या घरात तुम्ही ती मांडीवर ठेवून नेलीत, मागे आई भांड्यांबरोबर टेम्पोत बसली होती. प्रदर्शनवाल्यांना ती काचेच्या पेटीत, मधल्या दालनात, अगदी मुख्य म्हणून हवी आहे. निमंत्रणपत्रिकेवर तिचा फोटोही छापून झालाय, मला न विचारता. मी त्या पोरीला सांगितलं, पूर्ण मजकूर लागला तरच फळी मिळेल. माझं चारोळ्या-वेलदोड्याचं दूध पिऊन ती गेली, आणि संध्याकाळी तिचा फोन आला. “आंटी, हो म्हणाले. पूर्ण. पण खूप भांडावं लागलं हं मला.” मी तिला म्हटलं, शाब्बास. आणि मग फोन ठेवून रडले, रागाने की कशाने ते विचारू नका.

उद्या सकाळी ते फळी न्यायला येतायत. मजकूर भिंतीवर लागेल, लोक वाचतील. काही म्हणतील म्हातारीने बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडली. म्हणू देत. आईला आवाज चढवता आला नाही, तो मी चढवलाय, एवढंच मला हवं होतं. काल रात्रीपर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

पण आज दुपारी मी एक केलंय, ते तुम्हाला सांगूनच हे पत्र संपवते. पाठवायचं तर कुठेच नाही, घडी करून आईच्या साडीत ठेवीन. मी फळी स्वयंपाकाच्या ओट्यावर घेतली, खिडकीचा उजेड तिच्यावर येईल अशी, आणि भाजीच्या सुरीने तिचा एक कोपरा कापला. कारखान्यात आम्ही असंच करायचो, रंगाचे हात किती दिलेत ते बघायला कड कापायची. आत पट्टेच पट्टे निघाले. त्यात तो हिरवा मी शोधत होते, मांडवीच्या घरातल्या भिंतीचा. तो सापडला. आणि त्याच्या लगेच खाली, केसाएवढी, गव्हाळ रंगाची एक रेघ आहे.

ती मी असेन किंवा नसेन. उद्या ती मुलगी विचारेल, आंटी, हा कोपरा कसा तुटला, तर सांगेन मीच कापला. आईच्या हातासाठी मी तुमच्यावर जन्मभर रागावले आणि तो राग खरा आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण अण्णा, समोर बसलेल्याने बघायचं नाही या तुमच्या नियमामुळे तो चेहरा तुमच्याशिवाय या जगात कुणीही पाहिलेला नाही. तुम्ही ओरडलात, आत्ता जमत होतं म्हणून. तेव्हापासून मला तेवढंच विचारायचंय. तो माझ्यासारखा आला होता का?